दोरा आवळणारा हात

मुक्ता आणि ईशान,

परवा व्हिडिओ फोनवर तुम्ही दोघांनी नव्या औषधाच्या पानावरून ज्या माणसाचं नाव मला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलंत, तो माणूस आपल्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचा. "आजी, हे संशोधन तर तुमच्या वर्ध्यातच झालंय!" असं म्हणून मुक्तानं हात हलवला. हातात माझी अंगठी होती. राग आला की मी आधी गप्प बसते आणि मग लिहायला घेते, हे तुमच्या आईला विचारा. आज लिहायला बसले आहे. ईशाननं हे मोठ्यानं वाचावं आणि मुक्तानं मध्ये बोलू नये.

त्या माणसाला मी सर म्हणायचे, इथेही तेच म्हणते. नाव लिहीत नाही. त्यांचं नाव आधीच नको त्या जागी छापलेलं आहे, त्यात माझी भर नको.

तुम्हाला ते आठवत असतील. लहानपणी सुटीत वर्ध्यात नालवाडीच्या घरी यायचात तेव्हा जिन्यात उभे राहून "डोळे मिटा" म्हणणारे उंच आजोबा. तुमच्या तोंडात संत्र्याची एक फोड घालायचे, मग दुसरी, आणि विचारायचे, "कोणती गोड?" ईशान, तू दर वेळी छातीठोकपणे सांगायचास, "पहिली!" मुक्ता म्हणायची, "दुसरी!" मग ते दोन्ही सालं तुमच्यापुढे धरायचे. नव्हे, एकच साल धरायचे. दोन्ही फोडी एकाच संत्र्याच्या असायच्या. तुम्ही चिडायचात आणि ते म्हणायचे, "चिडा. पण लक्षात ठेवा." तुम्ही चिडलात तेवढं लक्षात ठेवलंत, असं दिसतं.

हा त्यांचा उद्योग सगळ्यांशी चालायचा. कुणी लोणच्याची तारीफ केली की, "झाकून चाखलं होतं का?" कुणी म्हणालं, अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, की, "डॉक्टरचं तोंड न पाहता गुण आला का?" तुमचे आजोबा पुलगावहून डेपोची ड्यूटी करून दमून यायचे आणि मी चहा पुढे केला की वरून आवाज यायचा, "साहेब, आज साखर कमी आहे की नाही, बाईंना न विचारता सांगा." आजोबा म्हणायचे, "या माणसाला भाडं माफ करू, पण निघून जाऊ दे." म्हणायचे नुसतं. रविवारी तेच वर जाऊन बसायचे.

जवळच्या सेलूहून सरांची आत्या यायची. नऊवारी नेसलेली, शेतात राबून वाळलेली, तोंडानं फटकळ. तिचे गुडघे दुखायचे आणि एका वैद्याच्या तेलानं तिला आराम पडायचा. सरांनी काय करावं? त्याच तेलाच्या दोन बाटल्या भरल्या, एक उजव्या गुडघ्याला, एक डाव्याला. आठवड्यानं विचारलं. आत्या म्हणाली, उजव्या बाटलीचं तेल जबरदस्त आहे, डावीचं फेकून दे. सरांनी खरं सांगितलं. त्यावर तिनं जे सुनावलं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"काऊन रे, मले उंदीर समजून राह्यला का तू? कॉलेजातले उंदीर कमी पडले म्हून आत्याचे गुडघे घेतले?"

"आत्या, उंदीर खोटं सांगत नाई."

"मी खोटं सांगतलं? मले बरं वाटलं तं वाटलं! तुह्या बापाचं काय गेलं?"

"वाटलं ते खरंच हाय. तेलानं वाटलं का, एवढंच मले पाह्याचं व्हतं."

एरवी सर तुमच्या-माझ्यासारखं बोलायचे. चिडले किंवा हरले की सेलूची भाषा बाहेर यायची.

आता ते असे का झाले, ते सांगते. कारण ते जन्मतः असे नव्हते.

इथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ते औषधशास्त्र शिकवायचे. तरुण होते, एकटे होते, आणि एका पेप्टाइडच्या मागे लागले होते. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. प्रथिन ही मण्यांची लांबलचक माळ धरली, तर हा तुकडा म्हणजे त्यातले शेजारशेजारचे तीनच मणी. शरीरात सूज येते तेव्हा ती या तीन मण्यांनी आवरते का, हे त्यांना पाहायचं होतं. तुम्ही ज्याची बाटली मागवलीत, तेच हे. तेव्हा त्याची बाटली नव्हती. परदेशातून चिमूटभर पूड यायची आणि सर ती आणायला नागपूरला स्वतः जायचे, येताना डबा मांडीवर धरून बसायचे.

प्रयोग असा होता. उंदराच्या पंजाला सूज येईल असं काही टोचायचं. काही उंदरांना पेप्टाइड द्यायचं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. मग पंजाभोवती सुती दोरा गुंडाळायचा, जिथे टोक मिळेल तिथे खूण करायची आणि दोरा पट्टीवर ठेवून मोजायचा. मोठ्या शहरांत याला यंत्रं होती. इथे दोरा होता. दोऱ्यात कमीपणा काहीच नाही, असं सर म्हणायचे, आणि ते खरंही होतं. पण दोरा हातानं ओढावा लागतो.

पहिल्या खेपेला आकडे सुंदर आले. पेप्टाइडच्या उंदरांची सूज चांगलीच कमी. विभागप्रमुखांनी सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली. सर माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "बाई, आपल्या वर्ध्यातून काहीतरी निघालं." मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून त्यांचे निबंध ते मला तपासायला द्यायचे. त्या दिवशी त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा होता.

मग एक गोष्ट झाली. पिंजरे धुताना दोन पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, आणि ती मोजणी संपल्यावर लक्षात आली. म्हणजे सर ज्यांना पेप्टाइडवाले समजून मोजत होते, त्यांना मिठाचंच पाणी मिळालेलं होतं. आणि तरीही त्यांची सूज कमी भरली होती.

दुसरा कुणी असता तर त्या दोन पिंजऱ्यांचे आकडे खोडून पुढे गेला असता. सर घरी आले आणि जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसले. हातात दोऱ्याचा तुकडा होता. स्वतःच्याच बोटाला गुंडाळून सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे पाहा, बाई. मी म्हणतो हे बोट बारीक आहे." त्यांनी दोरा गुंडाळला आणि खूण दाखवली. "आता म्हणतो, जाड आहे." पुन्हा गुंडाळला. खूण सरकली होती. अगदी थोडी. "मी खोटं करत नव्हतो. मले मालूमच नाई पडलं. मले पाहिजे व्हतं, म्हून हातानं दोरा आवळला."

पुढे आयुष्यभर त्यांच्या तोंडी जे वाक्य होतं, ते तिथून आलं: हात आशेच्या बाजूनं ओढतो.

विभागप्रमुखांना त्यांनी सांगितलं, थांबा, पुन्हा करू. ते बरं म्हणाले. या वेळी सरांनी एक अट घातली. कोणत्या बाटलीत काय आहे, हे मोजणाऱ्याला कळताच कामा नये. विभागात सगळ्यांनाच आशा होती, म्हणून बाटल्या त्यांनी माझ्याकडे आणल्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मी बोलत नाही, या दोन गुणांवर माझी निवड झाली. दोन सारख्या बाटल्या. मी चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि माझ्या विणकामातली लोकर बांधली, एकीला हिरवी, एकीला तपकिरी. कोणती कोणाला, हे फक्त माझ्या डोक्यात.

यानंतर काही आठवडे जे चाललं ते पाहून शेजाऱ्यांना वाटलं आमचं भांडण झालं आहे. सर माझ्याकडे बघेनात. जिन्यावरून उतरताना वर्तमानपत्र तोंडापुढे धरून उतरायचे. एकदा कडेच्या कुंडीला अडखळले. मी समोर आले की भिंतीकडे तोंड. "बाई, तुम्ही आत जा. तुमचा चेहरा बोलतो." मी म्हणायचे, "माझ्या चेहऱ्यावर हिरवा-तपकिरी काही लिहिलंय का?" ते भिंतीला सांगायचे, "मी 'हिरव्यांची सूज कमी आहे' म्हणालो आणि तुम्ही हसलात, तर माझा हात गेला कामातून." दुधाचं भांडंसुद्धा पडद्याखालून सरकवायचे. तुमचे आजोबा पोट धरून हसायचे.

एका दुपारी विभागप्रमुख आले. पुन्हा बर्फीचा डबा. सोफ्यावर बसले, घराची तारीफ केली, तुमच्या आईच्या गालाला हात लावला.

"बाई, एवढंच सांगा. हिरवा की तपकिरी?"

"चहा घेणार का?" मी म्हटलं.

"तुमचे सर फार ताणतात हो. सगळा विभाग खोळंबलाय. मी कुणाला सांगणार नाही."

"साखर किती घालू?"

ते हसायचे थांबले. "तुम्हाला विज्ञानातलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर माझ्याकडे दिलंय."

डबा परत नेला त्यांनी.

मोजणी संपली तेव्हा सर खाली आले आणि अंगणात उभे राहून, भिंतीकडे तोंड करूनच, म्हणाले, "सांगा." मी सांगितलं, हिरवी पेप्टाइडची. त्यांनी हातातले कागद पाहिले. मला वाटलं ते खचतील. ते वळले, कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "काही फरक नाही. दोन्ही सारखे. बाई, चहा टाका." चहा पिताना त्यांना खरंच हलकं वाटत होतं. मुलांनो, एखादी गोष्ट खरी नाही असं कळल्यावर सुखानं चहा पिणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस.

ते सुख फार टिकलं नाही. थोड्याच दिवसांनी एका नियतकालिकाचा अंक आला. त्यात पहिल्या खेपेचे आकडे छापलेले होते. आवळलेल्या दोऱ्याचे. वर विभागप्रमुखांचं नाव, खाली सरांचं. सर थांबा म्हणाले होते त्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी तो लेख पाठवून दिला होता. दुसरी खेप त्यांना कधी हवीच नव्हती. हिरवा की तपकिरी हे ते विचारायला आले ते कशासाठी, हे मला तेव्हा कळलं. आकडे वाईट आहेत का, एवढंच त्यांना आधी जाणून घ्यायचं होतं.

सर विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. तिथे काय झालं ते सरांनी एकदाच सांगितलं.

"मी म्हनलं, छापलं काऊन? तं ते म्हनते, 'अहो, त्यात खोटं काय आहे? आकडे तुमच्याच हातचे आहेत.'"

या वाक्याचा मला आजही इतका संताप येतो की पेन थांबवावं लागतं. माणसाच्या प्रामाणिकपणानं शोधून काढलेली चूक त्याच्याच तोंडावर मारायची!

सरांनी त्या नियतकालिकाला लिहिलं. लेख मागे घ्या, दुसरी खेप सोबत जोडतो. इंग्रजी मी तपासलं, म्हणजे रागाची विशेषणं काढली. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. मग ते नियतकालिकच बंद पडलं. विभागप्रमुख मानानं निवृत्त झाले. सरांनी संशोधन सोडलं आणि शिकवत राहिले. दर वर्षी नव्या मुलांना ते औषधाची एकच गुळगुळीत बाटली आणि दोरा द्यायचे. अर्ध्या वर्गाला कानात सांगायचे, ही बाटली जरा फुगीर निघाली आहे, आणि अर्ध्यांना, ही बारीक आहे. मग सगळ्यांचे आकडे फळ्यावर. मुलं हसायची. सर हसायचे नाहीत.

तुम्हाला वाटेल, जुनी गोष्ट आहे, संपली. मलाही वाटलं होतं.

अलीकडे एके सकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. वर्ध्यातला एक जिमवाला, दंड एवढाले, घट्ट बनियन. सर तेव्हा फार थकले होते, खाली ओट्यावर ऊन खात बसले होते. तो थेट पाया पडला.

"सर, तुमचाच शोध हाय ना हा? नेटवर तुमचं नाव हाय! आपल्या वर्ध्याचा मानूस! एक फोटो घेऊ का तुमच्यासंग?" त्यानं खिशातून छोट्या बाटल्यांची डबी काढली. "मी सोता घेऊन राह्यलो. खांदा दुखे, एकदम मस्त वाटून राह्यलं. पोरायलेबी देतो."

सरांनी चष्मा लावून बाटली वाचली. नंतर मीही वाचली. इंग्रजीत छापलं होतं, फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी, माणसांसाठी नाही. आणि ज्या पानावरून ती बाटली विकतात, त्याच पानावर खाली ती कशी टोचून घ्यायची ते समजावलेलं! ज्यानं हे दोन्ही एका हातानं लिहिलं, तो मला एकदा माझ्या वर्गात हवा होता.

"तुले कसं वाटून राह्यलं हे कोनी इचारलं बे?" सर म्हणाले.

"नाई सर, पन फरक हाय ना..."

"बाई, दोरा आना."

मी शिवणाच्या डब्यातला दोरा दिला. सरांनी त्या पहिलवानाच्या दंडाला दोरा गुंडाळला, खूण केली. "हा तुहा आजचा दंड." मग त्याच्याच हातात दोरा दिला. "आता तूच मोज. अन् डोक्यात ठेव का सूज उतरली हाय." त्यानं मोजलं. खूण अलीकडे आली. तो खूश झाला. "पाहा सर! उतरली!"

"दोन मिनिटांत?"

जिमवाल्यानं दोरा परत दिला. मग तो हसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही मजाक करून राह्यले." फोटो काढायचा राहिला, तरी सरांचं नाव त्यानं जिमच्या जाहिरातीतून काढलं नाही. जिमच्या भिंतीवर आजही असेल.

त्या दिवशी सरांनी मला त्या विक्रेत्यांना पत्र लिहायला लावलं. या खेपेला मी रागाची विशेषणं काढली नाहीत. काही उपयोग झाला नाही. कुणी तरी यंत्रानं लिहिल्यासारखं उत्तर पाठवलं, आमच्या उत्पादनात रस दाखवल्याबद्दल आभार.

मी विचारलं, "सर, ते औषध खरंच निरुपयोगी आहे का?" त्यांनी डोकं हलवलं. "तसं मी म्हणत नाही. दुसऱ्या कुणाला, दुसऱ्या कुठल्या सुजेवर काही दिसलंही असेल. माणसांना ते किती चालतं, काय करतं, मला माहीत नाही. आणि विकणाऱ्यालाही माहीत नाही. फरक एवढाच की मी सांगतो." मग म्हणाले, "बाई, मह्या हातानं दोरा एकदाच आवळला व्हता. आता तो कोनाकोनाच्या अंगाले आवळून राह्यला, पाहा."

थंडीत ते गेले. शेवटपर्यंत वर एकटे होते. आत्या त्यांच्या आधी गेली होती, नाहीतर तिनं त्या विक्रेत्यांना सेलूच्या भाषेत पत्र लिहवून घेतलं असतं.

आता तुमच्याकडे वळते. ईशान, बहिणीचे हाल बघवत नव्हते म्हणून तू बाटल्या मागवल्यास, हे मला कळतं. म्हणून तुला कमी बोलणार आहे. पण एवढा शिकलेला तू, तो लेख उघडून वाचलास का? की वर्ध्याचं नाव दिसलं आणि पुरे झालं? ज्या माणसाच्या नावावर भरवसा ठेवलास, त्या माणसानं हे थांबवायला आयुष्य घालवलं.

मुक्ता, तुझा आजार खोटा नाही आणि तुझा कंटाळाही खोटा नाही. आतड्याची सूज, रक्त पडणं, गोळ्यांनी तोंड फुगणं, आरशात बघावंसं न वाटणं, हे सगळं तू मला सांगितलं आहेस आणि मी ऐकलं आहे. पण डॉक्टरांना न सांगता तू गोळ्या बंद केल्यास आणि ही बाटली टोचून घेऊ लागलीस, आणि मला सांगतेस, "आजी, खूप छान वाटतंय." तुला वाटतंय यावर माझा विश्वास आहे. आत्यालाही वाटत होतं. पण तिचे गुडघे होते. तुझं आतडं आहे, आणि ते तुझ्या वाटण्याची वाट बघत थांबणार नाही.

तुझ्या हातातली अंगठी. ती तुला दिली तेव्हा बोटात जाईना. मी साबण लावून ढकलली आणि तू इतकी ओरडलीस की आजोबा धावत आले. म्हणालीस, आता ही मेल्यावरच निघेल. परवा तू हात हलवलास तेव्हा अंगठीच्या आतल्या बाजूला मला पांढरं काही दिसलं. फोन ठेवल्यावर कळलं ते काय होतं. तू तिला दोरा गुंडाळला आहेस. बोट वाळून सैल झालेली अंगठी गळू नये म्हणून आपल्याकडे बायका गुंडाळतात तसा. मीच शिकवलं होतं तुला, माझ्या आईच्या पाटलीवर.

तो दोरा गुंडाळताना तुला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. तुझी आशा त्या वेळी दुसऱ्या कामात होती. म्हणून त्याचं मोजमाप मी खरं धरते.

उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा, ईशानला घेऊन जा, बाटल्याही घेऊन जा. त्यांनी विचारलं, कसं वाटतंय, तर काही बोलू नकोस. अंगठी काढ आणि दोऱ्यासकट त्यांच्या टेबलावर ठेव.